घरच्या बागेंतील लिली

बागेचा शोक असलेल्या घरांत 'लिली' हा शब्द जितक्या सैलपणें वापरला जातो तितक्या सैलपणें दुसऱ्या कोणत्याहि फुलाचें नांव क्वचितच वापरलें जात असेल. पहिला पाऊस पडतांच अंगणाच्या कडेनें उमलणारीं वीतभर उंचीचीं गुलाबी फुलें म्हणजे लिली. दादरच्या फूलबाजारांत जुड्या बांधून विकावयास येणाऱ्या लांबट पांढऱ्या कळ्या म्हणजेहि लिली. वैशाखांत तांबड्या चेंडूसारखी उमलते तीहि लिली. तळ्यांतलें कुमुद केवळ इंग्रजी नांवाच्या आधारानें लिली. आणि लग्नमंडपाच्या सजावटींत दिसणारें, आपल्या केशरी परागांनीं पाहुण्यांचीं वस्त्रें डागाळणारें महागडें फूल, तें तर लिली आहेच. हा घोटाळा केवळ पंडितांपुरता असता तर आम्ही त्याकडे लक्ष दिलें नसतें. परंतु हौसेनें आणलेला कांदा श्रावणापूर्वींच कुजतो तो बहुतेक या घोटाळ्यामुळें. आणि घरांतील लहान मूल किंवा मांजर यांच्या जिवावर कधीं बेतलेंच तर त्याचेंहि मूळ पुष्कळदां येथेंच सांपडतें. म्हणून आधीं ओळख आणि मग लागवड, असा क्रम आम्ही धरला आहे. लिहितांना बदलापूरजवळील खरवई व तिच्या आसपासच्या घरबागा आम्हीं डोळ्यांसमोर ठेविल्या आहेत. पण कल्याणपासून कर्जतपर्यंत जेथें जेथें असाच पाऊस कोसळतो तेथील वाचकांसहि हें लागू पडेल.

शास्त्रज्ञ जिला लिली म्हणतात ती 'लिलियम' या एकाच कुळींतली. तिच्या सुमारें शंभर जाती असून त्या हिमालय, चीन, जपान, युरोप व उत्तर अमेरिका अशा थंड मुलखांतल्या रहिवासी आहेत. दक्षिणेंत निलगिरी व आसपासच्या उंच डोंगरांवर तिची एक जात रानांत आढळते. आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रींत मात्र एकहि नाहीं. आपल्या अंगणांतल्या बहुतेक 'लिली' या निराळ्याच कुळांतल्या आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. फूल हातांत घेऊन मागच्या बाजूनें पाहावें. पाकळ्यांच्या खालीं, देंठाच्या टोकाशीं हिरवी गांठ दिसली तर ती ॲमरिलिसच्या कुळांतली. गांठ नसून बीजकोश पाकळ्यांच्या आंत दडलेला असेल तर ती खऱ्या लिलीच्या गोतांतली असण्याचा संभव. कांद्यावरूनहि भेद कळतो. ॲमरिलिसच्या कुळांतला कांदा आपल्या स्वयंपाकघरांतल्या कांद्यासारखा पापुद्र्यांचा आणि वरून सुक्या सालीनें झांकलेला असतो. खऱ्या लिलीच्या कांद्यास साल नसते; त्याच्या पाकळ्या सुट्या सुट्या, लसणीच्या कुड्यांसारख्या उघड्याच असतात.

येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. २००९ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनीं जें नवें वर्गीकरण मान्य केलें त्यांत कांदा आणि लसूण यांची गणना ॲमरिलिसच्या कुळांतच करण्यांत आली. म्हणजे कांदेनवमीस ज्यांना निरोप देऊन आपण चातुर्मास पाळूं लागतों, त्यांचेच चुलतभाऊ पुढचे चार महिने आपल्या अंगणांत फुलत असतात, आणि त्यांना कोणी अडवीत नाहीं!

खरवई हें कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दींतलें पूर्वेकडचें गांव. जवळच औद्योगिक वसाहत, चोहोंकडे वाढत्या इमारती, आणि दूर चंदेरीची डोंगररांग. जुन्या घरांचीं परसें कोठें कोठें अजून टिकून आहेत. बहुतेकांच्या वांट्यास मात्र गॅलरींतल्या आठ-दहा कुंड्या किंवा कुंपणालगतची हातभर रुंदीची पट्टी एवढीच बाग येते. ठाणें जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरामुळें महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली आणि सुमारें हजार उतारूंस पाण्यांतून सोडवावें लागलें, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा पावसांत माणसांचे हाल होतात ते आपणांस दिसतात. मातींत पुरलेल्या कांद्याचे हाल दिसत नाहींत, इतकेंच.

कांदा ही झाडाची शिदोरी होय. पानांनीं उन्हांत तयार केलेलें अन्न पापुद्र्यांत सांठवून तें झाड वाईट दिवसांची सोय करून ठेवतें. हे वाईट दिवस त्याच्या मूळ देशीं बहुधा कोरड्या हंगामाचे किंवा थंडीचे असतात. म्हणून कोरड्या मातींत महिनोन्महिने निजून राहणें त्यास जमतें, पण सांचलेल्या पाण्यांत आठवडाभर उभें राहणें जमत नाहीं. मुळांना हवा लागते. मातीच्या कणांमधली जागा पाण्यानें भरली कीं हवा हुसकली जाते, मुळें गुदमरून मरतात, आणि मेलेल्या मुळांच्या वाटेनें बुरशी कांद्याच्या बुडाशीं शिरते. वर पानें पिवळीं पडूं लागतात. तीं पाहून घरांतील कोणी तरी दयाळू माणूस "झाडाला पाणी कमी पडतें आहे" असें म्हणून आणखी एक तांब्या ओततो, आणि कांद्याचें उरलेंसुरलें आयुष्य संपवितो. लिलीच्या रोगांवर वाटेल तितकीं औषधें बाजारांत मिळोत. आमच्या मतें आपल्या प्रांतांत दहांपैकीं आठ कांदे रोगानें मरत नाहींत, ते बुडून मरतात.

म्हणून लावण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा करावी. हातभर खोल खड्डा खणून तो पाण्यानें भरावा. तीन-चार तासांत पाणी जिरलें तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीं सकाळींहि पाणी दिसत असेल तर त्या जागीं कांदा पुरूं नये. विटा रचून नऊ इंच ते एक फूट उंचीचा वाफा करावा व त्यांत लावावा. नव्या इमारतींभोंवतीं आणखी एक अडचण असते. तेथली 'माती' म्हणजे पुष्कळदां मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा यांची भेळ असते. चिमूटभर मातीवर लिंबू पिळून पाहावें. फेंस आला तर तींत चुना फार आहे असें समजावें. अशा मातींत पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि कितीहि खत घातलें तरी झाड सुधारत नाहीं. ती माती उपसून टाकणें हाच उपाय. चुलीची राख कांद्यांना एरवीं चांगली. परंतु अशा चुनखडीच्या जागीं तीहि घालूं नये.

मिश्रण आम्ही असें सांगूं: दोन घमेलीं चांगली माती, एक घमेलें पूर्ण कुजलेलें शेणखत किंवा पालापाचोळ्याचें खत, आणि एक घमेलें जाड वाळू. वाळू न मिळाल्यास विटांचा बारीक चुरा चालतो. शेण ताजें कधींहि घालूं नये. त्याच्या उष्णतेनें व बुरशीनें कांदा सडतो. बागकामाच्या पुस्तकांत कांद्यांसाठीं हाडांच्या चुऱ्याची शिफारस सर्रास असते. ज्या घरांत ती वस्तु आणणें प्रशस्त वाटत नाहीं त्यांनीं खुशाल मूठभर निंबोळी पेंड घालावी. फुलें कांहीं रुसत नाहींत. कुंडीचें भोंक मोकळें आहे कीं नाहीं हें ज्येष्ठ लागतांच काडी घालून पाहावें आणि पावसाळ्यांत खालच्या बशा काढून ठेवाव्या. त्या बशांत डेंग्यूचे डांसहि वाढतात, तेव्हां हें काम केवळ फुलांसाठीं आहे असें समजूं नये.

आतां निवड. खरवईच्या हवेंत जिच्यासाठीं कांहींच करावें लागत नाहीं ती पावसाळी लिली. शास्त्रीय नांव झेफिरँथिस, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याचें फूल; मूळ अमेरिकेंतील, पण आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं नैर्ऋत्येचा वारा तिच्यासाठींच येतो असें वाटावें. पांढरी, गुलाबी व पिवळी अशा तिच्या जाती सर्वत्र मिळतात. हिचें गुपित एवढेंच कीं, तिला आधीं कोरड पडावी लागते. महिनाभर मातीं कोरडी राहून मग एकदम भिजली कीं चार-पांच दिवसांत कळ्या वर येतात. म्हणूनच वळवाच्या एका सरीनंतर जी बाग भरून येते ती आषाढाच्या संततधारेंत गप्प राहते. गॅलरींतल्या कुंडीस हा खेळ आपल्याहि हातानें करतां येतो: पंधरा-वीस दिवस पाणी बंद ठेवून मग कुंडी पूर्ण भिजवावी. मुलांना हें काम सोंपवावें. कळी वर येण्याचा दिवस तीं बोटांवर मोजतात. कांदे दाटीनें लावावे, दोन बोटें खोल, एका कुंडींत पंधरा-वीस. सुटा कांदा दीनवाणा दिसतो.

मोठ्या कर्ण्यासारख्या तांबड्या फुलांची, जिला आपण ॲमरिलिस म्हणतों, ती वस्तुतः दक्षिण अमेरिकेंतील हिप्पीॲस्ट्रम. इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांतील आर्थर जॉन्सन नांवाच्या एका घड्याळजीनें १७९९ साली हिच्या दोन जातींचा पहिला संकर केला; तांबड्या पाकळीवर मधोमध पांढरी रेघ असलेलें तें फूल जगभर पसरलें. घड्याळें दुरुस्त करतां करतां त्या गृहस्थानें केलेलें हें काम त्याच्या घड्याळांपेक्षां टिकाऊ ठरलें! हिच्या बाबतींत दोन गोष्टी सांभाळाव्या. एक, कांदा पुरता गाडूं नये. त्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर राहावा. मान मातींत गेली कीं पावसाचें पाणी तेथें सांचतें. दुसरी, हिवाळ्यांतली झोंप. कार्तिक-मार्गशीर्षांत पाणी हळूंहळूं तोडावें व आठ-दहा आठवडे जवळजवळ कोरडी ठेवावी. पानें वाळतात, घरांतील मंडळी हळहळतात, पण हात आंवरावा. माघ संपतांना पाणी सुरू केलें कीं चैत्राच्या सुमारास दांडा वर येतो. बारा महिने हिरवीं राहिलेलीं झाडें दिसावयास छान असतात, परंतु फुलत नाहींत, आणि न फुलणाऱ्या लिलीविषयीं आमच्याकडे जितक्या तक्रारी येतात त्यांतल्या बहुतेक या न मिळालेल्या झोंपेच्या असतात. फूल गेल्यावर दांडा कापावा, पानें मात्र ठेवावीं. पुढच्या वर्षाची शिदोरी तींच बांधतात.

चेंडूसारखें तांबडें फूल, ज्यास पुष्कळ घरांत मे-फ्लॉवर म्हणतात, तें आफ्रिकेंतलें. एका चेंडूंत दीडशे-दोनशे बारीक फुलें असतात. थोडी सांवली आणि उन्हाळ्यापर्यंत स्वस्थता, याहून त्याची मागणी नाहीं. जागा वारंवार बदलूं नये.

दादरच्या जुड्यांतली पांढरी लिली ही स्पायडर लिली; हारांसाठीं व वेण्यांसाठीं तिच्या कळ्या न उमललेल्याच खुडतात. ठाणें-पालघर पट्ट्यांत व दक्षिण गुजरातेंत तिचीं शेतेंच्या शेतें आहेत, यावरूनच ही हवा तिला किती मानवते तें कळेल. सगळ्या लिलींत ओलाव्यास अधिक तोंड देणारी हीच. परसाच्या सखल कोंपऱ्यांत दुसरें कांहीं जगत नसेल तर ती लावावी. फूल सायंकाळीं उमलतें व रात्रीं दरवळतें. खिडकीखालीं जागा असेल तर याहून अधिक काय सांगावें? तिच्याच नात्यांतला नागदवणा मोठ्या अंगणांत शोभतो. कुंडीस तो आंवरत नाहीं. याच नागदवण्याच्या जातींतल्या दोन रानटी जाती सातारा जिल्ह्याच्या डोंगरांत पहिल्या पावसांत फुलतात. त्यांतील एकीस पुण्याच्या गणेशखिंड बागेचे एकोणिसाव्या शतकांतील अधीक्षक वुड्रो यांचें नांव दिलें आहे. त्या दुसरीकडे क्वचितच आढळतात. सहलीस गेलेल्या मंडळींनीं त्या डोळे भरून पाहाव्या आणि कांदा उकरण्याचा मोह टाळावा.

राहतां राहिली ती खरी लिली, म्हणजे हॉलंडहून येणारे, शीतगृहांत निजवलेले कांदे. हिवाळ्यांत ते रोपवाटिकांतून विकावयास येतात आणि वेष्टणावरचें चित्र पाहून कोणाचाहि जीव लोभावतो. आमचें स्पष्ट मत असें कीं, खरवईंत तिला एका हंगामाची पाहुणी मानून आणावी, घरची मुलगी मानून नव्हे. नोव्हेंबरांत खोल कुंडींत लावली, मुळांशीं पाचोळ्याचें आच्छादन ठेवलें, दुपारचें ऊन टाळलें, तर जानेवारी-फेब्रुवारींत ती फुलते. पण पुढें एप्रिलांत पारा चाळिशी ओलांडतो, जूनपासून पाऊस; आणि पुन्हां फुलण्यासाठीं तिला हवी असलेली दीड-दोन महिन्यांची कडक थंडी येथें येतच नाहीं. विकणारे हें सांगत नाहींत. तेवढ्याच पैशांत ॲमरिलिसचे कांदे घेतले तर ते नातवंडांच्या हातीं जातील.

किडींत मुख्य शत्रु एकच, पण तो भयंकर. काळ्या अंगावर पांढरे ठिपके व तांबूस-पिवळे डाग असलेल्या अळ्या पावसाळ्यांत एकाएकीं येतात आणि तीन-चार दिवसांत मांसल पानांचा फडशा पाडतात. एका नक्षीदार पतंगाची ही संतति. पतंग इतका सुंदर असतो कीं त्याचा संशय येत नाहीं. अंडीं पानांच्या पाठीमागें पुंजक्यानें असतात. आषाढ-श्रावणांत दर दोन दिवसांनीं पानें उलटून पाहावीं, पुंजका दिसला तर तेवढा भाग कापावा, अळ्या चिमट्यानें उचलून साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. घरबागेस विषारी फवाऱ्याची गरज लागत नाहीं. ॲमरिलिसच्या पानांवर व दांड्यावर तांबडे ओरखडे उठले तर ती बुरशी. तीं पानें काढून टाकावीं व पाणी वरून न घालतां मुळाशीं घालावें. पानांवर फिकट-हिरवे पट्टे उठून झाड दरवर्षीं खुजें होत गेलें तर मात्र तो विषाणु. त्यास औषध नाहीं. झाड उपटून नष्ट करावें, आणि ज्या सुरीनें तें कापलें ती विस्तवावर धरल्याशिवाय दुसऱ्या झाडास लावूं नये. बुडाशीं मऊ झालेला कांदा ताबडतोब उपटून, पांढरा टणक भाग लागेपर्यंत सडका भाग छाटून, गंधकाची भुकटी लावून तीन-चार दिवस सांवलींत सुकवावा. निम्मे तरी वांचतात.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला तिच्याकडे वळतों. वर सांगितलेल्या ॲमरिलिस, पावसाळी लिली, स्पायडर लिली, नागदवणा, मे-फ्लॉवर या सर्वांचे कांदे विषारी आहेत. पोटांत गेल्यास जोराच्या ओकाऱ्या व जुलाब होतात, आणि लहान मुलास तेवढेंहि फार. उपटलेले कांदे सुकविण्यासाठीं स्वयंपाकघराच्या खिडकींत ठेवण्याची आपली संवय आहे. शेजारीं कांद्या-बटाट्यांची टोपली असते. आणि एकत्र कुटुंबांत भाजी चिरणारे हात रोज निराळे असतात. चातुर्मास संपून कांदा घरांत परत येतो तेच दिवस लिलीचे कांदे विश्रांतीस काढण्याचे, हेंहि लक्षांत असूं द्यावें. खऱ्या लिलीचा व तिच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या डे-लिलीचा निराळाच धोका: माणसापेक्षां मांजरास ती घातक. पान, फूल, अंगावर सांडून चाटलेले पराग, फुलदाणींतलें पाणीसुद्धां मांजराचे मूत्रपिंड निकामी करतें. ज्या घरीं मांजर आहे त्या घरीं हा पुष्पगुच्छ उंबऱ्याच्या आंत घेऊं नये.

आणि शेवटीं कळलावी. पावसाळ्यांत कुंपणावर चढून पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुलणारी ही आपली देशी वेल. संस्कृतांत अग्निशिखा, लांगली. ठाणें-रायगडाकडे कांहीं घरांत भाद्रपदांत तेरड्याच्या गौरीबरोबर हिचीं फुलें 'गौरीचे हात' म्हणून मांडतात. हिच्याइतकें देखणें फूल आपल्या रानांत दुसरें नाहीं, आणि हिच्याइतका फसवा कंदहि नाहीं. आयुर्वेदानें लांगलीस उपविषांत गणलें तें उगीच नव्हे. हिच्या अंगीं कोल्चिसीन नांवाचें द्रव्य आहे. वैद्यकांत तें अत्यल्प मात्रेनें संधींच्या एका विकारावर देतात, पण कंदाचा लहानसा तुकडाहि जीव घेऊं शकतो. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठीं कंद वापरण्याची जुनी समजूत ऐकून कोणी तसा प्रयोग करील तर तो प्राणांशीं खेळ होईल. चुकून पोटांत गेल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसतां वनस्पतीचा तुकडा बरोबर घेऊन तात्काळ इस्पितळ गांठावें. या विषाचीं गंभीर लक्षणें उशिरां दिसतात आणि पहिले तास वाया जातात. गौरींसाठीं फुलें हवीं तर वेल कुंपणाबाहेर राहूं द्यावी, फुलें मोठ्या माणसांनीं तोडावीं, हात धुवावे आणि विसर्जनानंतर तीं गुरांच्या पुढें टाकूं नयेत.

कांद्यांची वांटणी तीन-चार वर्षांनीं एकदां करावी. दाट झालेल्या गड्ड्यांत फुलें कमी होतात. पावसाळी लिली व ॲमरिलिस यांचे गड्डे जानेवारीच्या अखेरीस उकरून पिल्लें हातानें सुटीं करावीं. जीं ओढल्याशिवाय सुटत नाहींत तीं आणखी एक वर्ष आईपाशीं राहूं द्यावीं. सुटीं केलेलीं पिल्लें सांवलींत आठवडाभर पसरून होळीपूर्वीं पुन्हां मातींत जावीं. सासरीं गेलेल्या मुलीस किंवा पुण्याच्या बिऱ्हाडीं पाठवावयाचीं असल्यास पॉलिथीनच्या पिशवींत घालूं नयेत, कागदी पाकिटांत घालावीं आणि पाकिटावर ठळक अक्षरांत लिहावें: "फुलाचा कांदा. खाण्याचा नव्हे."